गल्ल्यावर बसणार कोण? घरच्या धंद्याबद्दल दोन मोठे अभ्यास काय सांगतात

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, किंवा ऐकताना ज्यांच्या हातून आकडे निसटले, त्यांच्यासाठी इथे लिहून देतोय. बोलण्यातलं पाल्हाळ कमी केलंय, बाकी बोललो तसंच आहे.

एका प्रश्नापासून सुरुवात करू. समजा, आपल्या हायवेला एक कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं, थोडं ठिबकचं सामान. दोघे भाऊ चालवतात. मोठे आप्पा गल्ल्यावर, धाकटे काका गोडाउन आणि उधारीच्या वसुलीवर. वीस-पंचवीस वर्षांत नाव चांगलं झालंय. रावेरला दुसरी शाखा काढावी, असं घरात दर दिवाळीला बोललं जातं. कंपनीवाले माल द्यायला तयार, बँक कर्ज द्यायला तयार, जागा बघून ठेवलेली. आणि दर वेळी गाडी एकाच वाक्यावर अडते: "तिथे गल्ल्यावर बसणार कोण?"

हे दुकान मी उदाहरण म्हणून घेतलंय, पण ते वाक्य खरं आहे. जळगावची डाळ मिल असो, सावद्याचा केळीचा व्यापार असो, की धुळ्यातलं हार्डवेअरचं दुकान, घरच्या धंद्यात वाढलेल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी ऐकलेलं असतं. गंमत अशी की अर्थशास्त्रज्ञांनी या एका वाक्याचा चांगला कीस काढलाय. एक अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात, तारापूरला झाला. दुसरा झाला डेन्मार्कमध्ये. आज या दोन्हींबद्दल बोलू, आणि शेवटी आपल्या दुकानात परत येऊ.

धंद्यात प्रयोग करतात तरी कसा?

आधी हे समजून घेऊ, नाहीतर पुढचे आकडे नुसतेच आकडे राहतील.

केळीच्या बागेत एखादा टॉनिकवाला येतो आणि म्हणतो, "दादा, हे सोडा, घड दोन किलोने वाढतो." पुरावा काय? "अमुक गावच्या पाटलांनी सोडलं, त्यांची बाग बघून या." आता त्या पाटलांची जमीन काळी, पाणी मुबलक, खत वेळेवर. त्यांचा घड टॉनिक नसतं तरी मोठाच आला असता. खरं काय ते बघायचं असेल तर एकाच बागेत चिठ्ठ्या टाकून काही ओळींना टॉनिक द्यायचं आणि काहींना नाही द्यायचं. बाकी सगळं सारखं ठेवायचं. मग कापणीला दोन्हीकडचे घड तोलायचे. फरक निघाला तर तो टॉनिकचा.

मॅनेजमेंटचंही तसंच. चांगली मॅनेजमेंट असलेल्या कंपन्या नफ्यात असतात, हे कुणीही सांगेल. पण मॅनेजमेंट चांगली म्हणून नफा झाला, की मुळात नफा आहे म्हणून चांगला मॅनेजर ठेवायला परवडतंय? नुसतं बघून हे कळत नाही. त्यासाठी कारखान्यांच्याच चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. तारापूरला नेमकं तेच केलं.

तारापूर: सतरा कंपन्या आणि अडतीस सवयी

तारापूर म्हणजे बोईसरजवळची एमआयडीसी. तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. तिथून पुढे गेलं की गुजरातच्या हद्दीत उंबरगाव. या पट्ट्यात सुती कापड विणणारे बरेच कारखाने आहेत. २००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेतल्या संशोधकांची एक टीम इथे आली. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स ही त्यातली नावं. त्यांनी कापडाच्या १७ कंपन्या घेतल्या. या काही टपऱ्या नव्हत्या. सरासरी एका कंपनीत २७० च्या आसपास माणसं कामाला. पण मालकी आणि कारभार सगळा घरचा: वडील, मुलं, काका, पुतणे.

चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एका गटात ११ कंपन्यांचे १४ कारखाने, दुसऱ्यात ६ कंपन्यांचे ६ कारखाने. एका मोठ्या सल्लागार कंपनीची माणसं दोन्ही गटांत गेली. पहिला महिना दोन्हीकडे फक्त तपासणी: कुठे काय बिघडलंय ते सांगायचं. पहिल्या गटात मात्र ही माणसं आणखी चार महिने थांबली आणि सुधारणा प्रत्यक्ष करून घेतल्या. सल्ला फुकट होता. अट एकच, आकडे मोजू द्यायचे.

त्यांना काय दिसलं? सुताचे ढीग पडलेले, पण त्यावर लेबल नाही. कोणतं सूत कोणत्या रंगाचं, कधी आलं, हे एखाद्या जुन्या माणसालाच माहीत. काही सूत ओल लागून खराब झालेलं. हत्यारं जमिनीवर पसरलेली. माग बंद पडला की दुरुस्त व्हायचा, पण तो का बंद पडला आणि गेल्या महिन्यात किती वेळा पडला होता, याची नोंद कुठेच नाही. कापडात दोष इतके, की कारखान्यातल्या कामगारांपैकी जवळपास पाचवा हिस्सा नुसतं कापड तपासायच्या आणि रफू करून नीट करायच्या कामावर.

मग सल्लागारांनी ३८ सवयींची यादी केली. ऐकायला त्या अगदी साध्या आहेत. मागाची देखभाल ठरल्या दिवशी करायची, मोडायची वाट बघायची नाही. प्रत्येक दोष लिहायचा: कोणता माग, कोणती पाळी, कोणत्या प्रकारचा दोष. रोज मॅनेजर आणि सुपरवायझरने थोडा वेळ बसून कालचे आकडे बघायचे. सुताला लेबल, गोडाउनची मोजणी, पडून राहिलेलं सूत विकून टाकायचं. नवीन मशीन नाही, नवीन इमारत नाही. एखाद्या जुन्या मुनीमजींना ही यादी दाखवली तर ते म्हणतील, "यात नवीन काय आहे?"

निकाल ऐका. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. म्हणजे तीच माणसं, तीच यंत्रं, आणि काम १७ टक्के जास्त. दोषांचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त घटलं. गोडाउनमध्ये अडकून पडलेला माल कमी झाला. संशोधकांच्या अंदाजाने एका कारखान्यामागे वर्षाला सव्वातीन लाख डॉलरचा फायदा, त्या वेळच्या दराने दीड कोटी रुपयांच्या आसपास. हा सगळा अभ्यास २०१३ साली क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये छापून आला, आणि आज जगभरच्या मॅनेजमेंटच्या वर्गात तारापूरचं उदाहरण शिकवतात.

मग एवढा पैसा आधी का उचलला नाही?

इथून गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. वर्षाला दीड कोटी रुपये कारखान्याच्या फरशीवर पडलेत आणि मालक उचलत नाहीत. का? मालक आळशी होते का? अजिबात नाही. दिवसाचे बारा-बारा तास कारखान्यात राबणारी ही माणसं.

पहिलं कारण निघालं माहितीचं. काही गोष्टी त्यांनी ऐकल्याच नव्हत्या. काही ऐकल्या होत्या, पण आपल्याकडे त्याचा उपयोग नाही अशी खात्री होती. आपलं कापड शेजारच्या कारखान्याइतकंच चांगलं आहे, मग दोष लिहून काय मिळणार? आता शेजारच्या कारखान्यातही दोष लिहीत नव्हते. त्यामुळे दोघंही एकमेकांकडे बघून समाधानी. न मोजलेलं नुकसान दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या नुकसानीसाठी कुणी वही आणत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा. ठीक आहे, काही कारखाने वाईट चालतात. पण मग चांगले चालणारे कारखाने वाढून त्यांना बाजारातून बाहेर का ढकलत नाहीत? धंद्याचा नियम तर तसाच सांगतात ना?

याचं उत्तर ऐकून मी थांबलोच होतो. कंपनी किती मोठी आहे, हे कशावरून सर्वात चांगलं ओळखता येत होतं? कारभार किती चांगला आहे यावरून नव्हे. मालकाच्या घरात मोठे झालेले पुरुष किती, यावरून. भाऊ तीन असले तर कारखाने तीन. एकुलता एक असला तर कारभार कितीही चोख असो, धंदा तिथेच थांबलेला. कारण नवीन कारखाना काढला तर गल्ल्यावर बसणार कोण? परक्या मॅनेजरच्या हातात खरेदी दिली आणि त्याने सूत बाहेर विकलं तर? कोर्टात जायचं म्हटलं तर निकाल लागेपर्यंत मुलाचं लग्न होऊन नातू शाळेत जायला लागतो. तेव्हा पैशाचा प्रत्येक निर्णय घरच्याच माणसाकडे.

म्हणजे आप्पांचं ते वाक्य म्हणजे भित्रेपणा नाही. ज्या व्यवस्थेत चोरी करणाऱ्याला लवकर शिक्षा होत नाही, तिथे रक्ताच्या नात्यावर विसंबणं हा हिशेबी शहाणपणाच आहे. फक्त त्या शहाणपणाची किंमत मोठी आहे: धंद्याची उंची बाजार ठरवत नाही, कुटुंबाचा फोटो ठरवतो.

पण तारापूरची गोष्ट इथे संपत नाही. ज्या कारखान्यांत नोंदी सुरू झाल्या, तिथे मालकांनी हळूहळू मॅनेजरकडे जास्त निर्णय सोपवले. आणि तीन वर्षांत याच कंपन्यांनी दुसऱ्या गटापेक्षा जास्त नवे कारखाने काढले. संशोधकांचं म्हणणं असं, की रोजचे आकडे समोर यायला लागले तेव्हा मालकाला प्रत्येक ठिकाणी जातीने उभं राहायची गरज कमी झाली. सूत किती आलं, कापड किती निघालं, वाया किती गेलं हे रोज कागदावर दिसत असेल तर चोरी लपवणं अवघड होतं. जे काम आधी भावाची नजर करत होती, त्यातलं बरंचसं वही करायला लागली.

डेन्मार्क: पहिला मुलगा की पहिली मुलगी?

आता भाऊ सोडून मुलांकडे येऊ. घरच्या धंद्याची चावी पुढच्या पिढीला द्यायची, तर कुणाला?

डेन्मार्क हा देश केवढा? लोकसंख्या साधारण ६० लाख. २०११ च्या जनगणनेत आपले जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे मिळून ६२ लाखांच्या वर होते. म्हणजे अख्खा देश आपल्या या दोन जिल्ह्यांएवढा. पण तिथे १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक नंबर आहे, आणि कोण कुणाचं मूल, कोण कोणत्या कंपनीचा प्रमुख, हे सगळं नोंदींत जोडून बघता येतं. त्यामुळे कंपन्यांच्या अभ्यासाला हा छोटा देश फार सोयीचा.

मॉर्टेन बेनेडसेन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तिथल्या पाच हजारांहून जास्त कंपन्यांमध्ये प्रमुख बदलला तेव्हा काय झालं ते पाहिलं. काही ठिकाणी नवा प्रमुख घरचा होता, काही ठिकाणी बाहेरचा. पण नुसती तुलना करून चालणार नाही, हे टॉनिकच्या उदाहरणातून आपल्याला कळलंय. कदाचित धंदा चांगला असेल तरच मुलगा घ्यायला तयार होत असेल. किंवा धंदा बुडायला लागल्यावर बाहेरचा माणूस आणत असतील. आणि कुणाच्या मुलाला गादी मिळावी याच्या चिठ्ठ्या तर संशोधकांना टाकता येत नाहीत.

मग त्यांनी निसर्गाने टाकलेली चिठ्ठी वापरली. मालकाचं पहिलं मूल मुलगा आहे की मुलगी, हे कुणाच्याच हातात नसतं. त्याचा आणि धंदा किती चांगला चालतो याचा थेट काही संबंध नाही. पण गादी कुणाला मिळते याच्याशी मात्र संबंध निघाला. पहिली मुलगी असेल तर साधारण २९ टक्के कंपन्यांत नवा प्रमुख घरचा. पहिला मुलगा असेल तर हेच प्रमाण ३९ टक्के. डेन्मार्क म्हणजे बाई-माणूस समानतेसाठी जगात नाव असलेला देश, आणि तिथेही ही दहा टक्क्यांची फट!

हीच फट चाचणीला वापरून त्यांनी नफा तपासला. जिथे गादी घरात राहिली तिथे कंपनीच्या मालमत्तेवरचा नफा किमान चार टक्के अंकांनी घसरला. शंभर रुपये गुंतवून दहा कमावणारी कंपनी सहावर आली, असं समजा. हा अभ्यासही त्याच क्वार्टर्ली जर्नलमध्ये, २००७ साली आला. त्याच वर्षी ब्लूम आणि जॉन व्हॅन रीनन यांचा वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांचा एक अभ्यास आला. त्यातही हेच दिसलं: थोरल्या मुलाला थोरला म्हणून कारभार देणाऱ्या कंपन्यांची मॅनेजमेंट जास्त कच्ची.

आता लगेच घरी जाऊन "बाबा, मी गादीवर बसलो की धंदा बुडणार" असं सांगू नका. दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, डेन्मार्कमध्ये ही घसरण सगळीकडे सारखी नव्हती. मोठ्या कंपन्या, वेगाने वाढणारे धंदे आणि शिकलेली, कुशल माणसं लागणारे धंदे, इथे ती जास्त होती. चार माणसांच्या दुकानाला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. दोन, घरची व्यक्ती वाईटच असते, असं हा अभ्यास म्हणत नाही. निवड फार थोड्या माणसांतून होते, हा त्याचा खरा मुद्दा. घरात एकच मुलगा आहे म्हणून तो प्रमुख झाला, तर तुम्ही एका माणसातून एक निवडला. त्याला आवड असो वा नसो.

आणि आपल्याकडे हा एकाचा आकडा आपण स्वतःहून लहान करतो. घरात हिशेबाला सर्वात पक्की मुलगी असली, तरी गल्ल्याच्या यादीत तिचं नावच येत नाही. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने. पण कायदा हिस्सा देतो, खुर्ची देत नाही. खुर्ची घरातली माणसं देतात. आपला तालुका तर एका बहिणीच्या नावाने ओळखला जातो. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते ज्ञानोबांच्या धाकट्या बहिणीमुळे, जिला चांगदेवांसारख्या योग्याने गुरू मानलं. तापी-पूर्णेच्या संगमावर दर्शनाला जाणारी आपली माणसं हे जाणतात. दुकानाच्या बोर्डावर मात्र अजून 'आणि सन्स'च लिहिलेलं असतं.

नऊ वर्षांनी तारापूरला परत

तर उपाय सोपा वाटतो. वही घाला, आकडे लिहा, माणूस लायकीवर निवडा. पण ते टिकतं का? हा प्रश्न त्या संशोधकांनाही पडला. २०१७ साली, म्हणजे प्रयोग सुरू झाल्यापासून नऊ वर्षांनी, ते पुन्हा त्याच कारखान्यांत गेले.

काय सापडलं? सुरू केलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. पण बाकीच्या टिकल्या होत्या, आणि प्रयोगात नसलेल्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने अजूनही बरेच पुढे होते. चांगल्या सवयी एका कंपनीच्या एका कारखान्यातून त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांत पोचल्या होत्या. शेजारच्या दुसऱ्या कंपनीत मात्र फारशा गेल्या नाहीत. हाकेच्या अंतरावर असून!

सवयी का सुटल्या, याची दोन कारणं सर्वात जास्त सांगितली गेली. पहिलं, जो मॅनेजर ते करत होता तो सोडून गेला. दुसरं, मालकाला वेळ राहिला नाही. जिम आपणही जानेवारीत लावतो आणि मार्चमध्ये सोडतो, त्यातला प्रकार.

यातला धडा माझ्या मते पहिल्या निकालापेक्षा मोठा आहे. सवय एका माणसाच्या डोक्यात राहिली तर ती त्याच्याबरोबर जाते. आधी सगळं भावाच्या भरवशावर होतं, आता मॅनेजरच्या भरवशावर आलं, एवढाच फरक. पद्धत टिकवायची असेल तर ती दुसऱ्या कुणालाही उचलता येईल अशी कागदावर हवी, आणि मालकाने तिच्यासाठी रोजचा थोडा वेळ राखून ठेवायला हवा.

आता आपल्या दुकानात

तारापूरचे कारखाने २७० माणसांचे, आपलं कृषी केंद्र चार माणसांचं. ३८ सवयी घेऊन बसलो तर आप्पा दुसऱ्या दिवशी हाकलून देतील. आणि छोट्या धंद्यात जास्त शिकवणं उलट अंगावर येतं, याचाही अभ्यास झालाय. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या उधारीवर धंदा करणाऱ्या सुमारे १,२०० जणांना दोन प्रकारे हिशेब शिकवला. एका गटाला पुस्तकातलं पूर्ण अकाउंटिंग. दुसऱ्याला फक्त ठोकताळे, त्यातला मुख्य असा: धंद्याचा पैसा एका खणात, घरचा दुसऱ्या खणात, आणि इकडचा तिकडे घेतला तर चिठ्ठी ठेवायची. पूर्ण अकाउंटिंग शिकलेल्यांच्या कारभारात सांगण्यासारखा फरक पडला नाही. दोन खणवाल्यांचा हिशेब सुधारला.

तेव्हा आप्पांच्या दुकानासाठी माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत.

एक: दोन गल्ले. रोजमेळ असतोच आपल्याकडे, पण त्याच गल्ल्यातून शाळेची फी, किराणा आणि लग्नातला आहेर जातो. महिनाअखेर धंद्यात नफा झाला की तोटा, हे देवालाच ठाऊक. घराला महिन्याला ठरलेली रक्कम काढा. जास्त लागली तर चिठ्ठी टाका.

दोन: वाया जाणाऱ्या मालाची वही. आपल्या दुकानातले तारापूरचे 'दोष' म्हणजे एक्स्पायर झालेली औषधं, फुटलेल्या बाटल्या, गोणी फाटून सांडलेलं खत, हंगाम उलटून गेलेलं बियाणं. प्रत्येक वेळी तारीख, माल, रक्कम आणि कारण लिहा. तीन महिन्यांनी बेरीज मारा. केळीचा व्यापार असेल तर गाडी भरताना बाजूला पडलेला माल आणि कटती लिहा: कोणत्या बागेतून, किती, कशामुळे.

तीन: गोडाउनला लेबल. जुना माल पुढे, नवा मागे, आणि कुठे काय आहे हे काकांना फोन न करता कळलं पाहिजे. काका तीन दिवस पंढरपूरला गेले तर दुकान अडतं का? अडत असेल तर ती माहिती काकांकडे आहे, दुकानाकडे नाही.

चार: उधारीची यादी वयाप्रमाणे. कुणाकडे किती, एवढं खतावणीत असतंच. पण किती दिवसांपासून, हे वेगळं काढा. एक हंगाम झालेली, दोन हंगाम झालेली, वर्ष उलटलेली. कापूस विकला गेल्यावरही न आलेली उधारी आणि केळीचा भाव पडला म्हणून थांबलेली उधारी, यात फरक आहे. तो डोक्यात असतो तोवर फक्त आप्पाच वसुली करू शकतात. कागदावर आला की दुसरं कुणीही करू शकतं.

यातल्या एकाही गोष्टीला सॉफ्टवेअर लागत नाही. मोबाइलमधली शीट चालेल, दोनशे पानी वहीही चालेल. आणि हे काम सुरू करायला घरातला सर्वात योग्य माणूस कोण? तुम्ही. कॉलेजला असाल, बहिणीचं बारावीचं वर्ष झालं असेल, तिने करावं. गादी मागायच्या आधी वही मागा. वडिलांना "तुमची पद्धत चुकीची" म्हणालात तर भांडण होईल. तीन महिन्यांनी "आप्पा, एक्स्पायरीत आपले इतके हजार गेलेत" असं आकड्यासकट सांगितलंत तर बोलणं सुरू होईल. तारापूरच्या मालकांचं मनही भाषणाने बदललं नव्हतं, स्वतःच्या कारखान्याचे आकडे बघून बदललं होतं.

आणि वर्षभर ही वही चालली की दिवाळीच्या त्या प्रश्नाकडे पुन्हा बघा. रावेरला गल्ल्यावर बसणार कोण? आता यादी थोडी लांब झालेली असेल. त्यात मुलगी असेल, सून असेल, दहा वर्षं इमानदारीने काम केलेला दुकानातला माणूसही असेल. तो रोज संध्याकाळी विक्री, शिल्लक, वाया गेलेला माल आणि वसुली असे चार आकडे पाठवेल, आणि ते खरे आहेत की नाही हे महिन्यातून एकदा गोडाउन मोजून ताडता येईल. धोका शून्य होणार नाही. तारापूरलाही झाला नाही. पण "घरचा माणूस नाही म्हणून शाखा नाही" हे वाक्य तरी धंद्याच्या वाटेत आडवं पडणार नाही.

आजच्यासाठी एवढंच. या आठवड्यात एक काम करा: तुमच्या दुकानातली, शेतातली किंवा वर्कशॉपमधली वाया जाणारी एकच गोष्ट निवडा आणि तीस दिवस लिहा. बेरीज काय आली ते व्हॉइस नोटने कळवा. दुकानाचं नाव सांगायची गरज नाही, आकडा सांगा. घरात यावरून वाद झाला तर तोही सांगा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. आणि ज्या मित्राच्या घरी दर दिवाळीला दुसऱ्या शाखेचा विषय निघतो, त्याला किंवा तिला हा भाग पाठवा.

भेटू पुढच्या भागात. राम राम!